चार घरांच्या डब्याचा तह

श्री अन्नपूर्णा साह्य असो. ज्या घरीं चूल पेटते आणि ज्या घरीं चूल पेटवावयास वेळ पुरत नाहीं, त्या दोहीं घरींच्या लेंकरांस ती सारखीच पावो. शके एकोणीसशें शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, ज्येष्ठ मासीं शाळा उघडली, तेथून पौषापर्यंत एके राज्यीं जें वर्तमान घडलें तें जैसें ऐकिलें तैसें लिहिलें असे. राज्याचें नांव लिहीत नाहीं, कारण त्यांतील माणसें अद्याप तेथेंच राहतात आणि जिन्यांत एकमेकांस भेटतात.

त्या राज्याची रीत ऐसी कीं, उजाडतां उजाडतां स्त्री आणि पुरुष दोघेंही चाकरीस निघत, आणि मुलें शाळेस जात, आणि मधल्या सुट्टीस ज्यानें त्यानें आपला डबा उघडावा. त्या वर्षीं शाळेच्या मुख्याध्यापिका वैजयंतीबाई राजाध्यक्ष यांणीं फर्मान काढिलें कीं, डबा घरचाच पाहिजे, बाजारचा पुडा फोडून भरलेला डबा चालणार नाहीं. बाईंचा हेतु वाईट नव्हता. मागील सालीं कित्येक मुलें नुसते वेफर खाऊन राहत आणि कवायतीस चक्कर येऊन पडत, तें त्यांणीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. परंतु फर्मान काढणारास घरोघरची सकाळ दिसत नाहीं.

राज्यांत हेमांगीबाई तांडेल म्हणून एक बाई होत्या. त्यांचे यजमान जहाजावर चाकरीस, वर्षांतून आठ महिने समुद्रावर. बाई स्वतः रुग्णालयांत डायलिसिसच्या यंत्रावर चाकरीस होत्या. ज्यांचीं मूत्रपिंडें निकामी जालीं त्यांचें रक्त यंत्रांतून शुद्ध करावयाचें, आणि पहिला रोगी सकाळीं सहाचे ठोक्यास खाटेवर निजलेला असे, आणि त्यास वाट पाहावयास लावणें म्हणजे त्याच्या जिवाशीं खेळ. बाईंस एकच कन्या, कस्तुरी, नऊ वर्षांची, चौथींत. आई साडेपांचास घर सोडी, मग कस्तुरी आपली वेणी आपण घाली, आणि कुलूप लावी, आणि शाळेची गाडी येईतों खालच्या मजल्यावर प्रमिलाबाई सोनटक्के यांच्या घरीं बसे. वेणी साधे, कुलूप साधे, परंतु डबा साधत नसे. ज्येष्ठाच्या पंधरवड्यांत तीन वेळां कस्तुरी रिकाम्या हातें शाळेस गेली आणि वर्गांत बोलिली, "आज माझा उपास आहे." तिसऱ्या खेपेस वर्गशिक्षिका म्हणाल्या, "अगं, एकदा मंगळवार, एकदा बुधवार, एकदा गुरुवार. कोणत्या देवाचा गं हा उपास?" आणि वर्ग हंसला, आणि कस्तुरीही हंसली.

हें वर्तमान बाबालाल मुलाणी यांस कळलें. हे शाळेच्या गाडीचे सारथी. त्यांचा पुत्र जुनैद कस्तुरीच्याच वर्गांत. कबिला, म्हणजे पत्नी, कपड्यांच्या कारखान्यांत पहिल्या पाळीस जाई, म्हणून घरचें रांधणें बाबालाल यांच्याच हातीं, आणि हात मोठा सुगरण. ते संध्याकाळीं हेमांगीबाईंच्या दारीं आले आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहून म्हणाले, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. पोरगी उपाशी राहते आणि उपासाचं नाव सांगते." बाईंनीं दार पुरें उघडिलें. मग बाबालाल म्हणाले, "मी दोन चपात्या लाटतो तिथं आठ लाटायला किती वेळ जातोय? चार घरं एक होऊ. एकेका घरानं एकेका वारी चौघा पोरांचा डबा करायचा. शुक्रवारी शाळेतच उपमा देतात. म्हणजे आठवड्यातून एकच सकाळ मारामारीची, बाकीच्या मोकळ्या." बाई म्हणाल्या, "आणि माझ्या वारी मी नापास झाले तर?" बाबालाल हंसून बोलिले, "पोरं परीक्षा घेत नाहीत ताई, जेवतात."

मग रविवारीं प्रमिलाबाईंच्या घरीं चौघांची बैठक बसली. प्रमिलाबाई पोस्टांत चाकरीस, त्यांची कन्या अबोली. चौथें घर रजनीबाई बनसोडे यांचें. त्या एका कचेरींत टंकलेखिका, माहेर सोलापूर, पुत्र निहार. चारही मुलें एकाच वर्गांतील. वारांची वांटणी जाली, सोमवार प्रमिलाबाईंचा, मंगळवार बाबालाल यांचा, बुधवार हेमांगीबाईंचा आणि गुरुवार रजनीबाईंचा. तेव्हां प्रमिलाबाई म्हणाल्या, "माझी एक अट आहे. ती मान्य नसेल तर आम्हाला सोडा, राग नाही." आणि त्यांणीं सांगितलें कीं अबोलीस शेंगदाण्याचें वावडें. चार वर्षांची असतां कोण्या लग्नांत कोणीं लाडू भरविला, आणि डोळे मिटेतों तोंड सुजलें, आणि श्वास कोंडला. तेव्हांपासून त्या प्रत्येक जिन्नस वाचून, पारखून, मग घरांत घेत. आणि वर्गशिक्षिकेनें भीतीपोटीं अबोलीस मधल्या सुट्टींत दाराजवळच्या बाकावर एकटें बसविण्याची रीत पाडिली. "दोन वर्षं झाली," प्रमिलाबाई म्हणाल्या, "माझी पोर भिंतीकडं बघत जेवते. चौघांचा डबा एकच असेल तर ती चौघांत बसेल. पण मग दाणा नाही. कूट नाही, चटणी नाही, दाण्याचं तेलसुद्धा नाही." ही अट लहान नव्हती, कारण त्या मुलखीं कूट घातल्यावांचून भाजी म्हणजे भाजी नव्हे. मग रजनीबाई बोलिल्या, "प्रमिलाताई, आमच्याकडे शेंगाचटणीशिवाय ताट वाढत नाहीत. पण कुटाचा डबा मी उद्याच माहेरी धाडते. लेकरापुढं चटणीचं काय कौतुक?" आणि चौघांनीं शपथ वाहिली, आणि रजनीबाईंनीं तहनामा टंकून चार प्रती केल्या, आणि प्रमिलाबाई तो घेऊन वर्गशिक्षिकेकडे गेल्या, आणि अबोलीचा बाक सुटला. पहिल्या दिवशीं ती घरीं येऊन आईस म्हणाली, "आई, निहार खाताना किती आवाज करतो!" आणि प्रमिलाबाई मोरीचें दार लावून रडल्या.

तह उत्तम चालिला. सोमवारीं प्रमिलाबाईंचे धपाटे, मंगळवारीं बाबालाल यांची अंड्याची पोळी, गुरुवारीं रजनीबाईंची ज्वारीची उकड. बुधवारीं हेमांगीबाई चारास उठून घावनें करीत, नाहीं तर लिंबूभात. कस्तुरीच्या उपासांची वार्ता कोणीं पुन्हां ऐकिली नाहीं. ऐसा श्रावण गेला.

मग भाद्रपदीं, गणपति बोळविले त्याच सप्ताहांत, हेमांगीबाईंच्या खात्यांतील दोघीजणी चाकरी सोडून गेल्या, आणि रोगी तितकेच राहिले, आणि बाईंची पाळी पहांटे पांचावर आली, आणि रोज दोन घटका अधिक उभें राहावें लागलें. एके बुधवारीं त्यांणीं पीठ कालविलें आणि ओट्यास टेकून उभ्या उभ्याच डोळा लागला, आणि जाग्या जाल्या तों निघावयाची वेळ टळत होती. त्या दिवशीं चौघां मुलांस पाव आणि काकडी गेली. तीन घरें आपल्या मुलीकरितां राबतात आणि आपणांस एक वार झेपत नाहीं, हें कोणत्या तोंडें सांगावें, ऐसें त्यांस जालें. पुढील मंगळवारीं घरीं येतां येतां त्यांणीं दुकानांतून तयार पराठ्यांचा पुडा घेतला. आंत बटाट्याचें सारण, बर्फांत गोठविलेले, तव्यावर टाकिले कीं जाले. मात्र दाण्याचा तह त्या विसरल्या नाहींत. पुड्यावरची बारीक अक्षरें दुकानांतच उभ्यानें वाचीत, आणि दाण्याचें नांव दिसलें तर पुडा परत ठेवीत.

पराठे ऐसे वाटोळे कीं कोणीही ओळखावे. म्हणून बाई त्यांच्या कडा बोटांनीं दाबून वेड्यावांकड्या करीत, आणि तव्यावर एखादा काळा डाग पडूं देत. एकदां कस्तुरी पहांटे पाणी प्यावयास उठली आणि हें पाहून म्हणाली, "आई, चांगला पराठा मुद्दाम का जाळतेस?" आई बोलिली, "घरचा दिसायला नको का?" कस्तुरी पाणी पिऊन निजावयास गेली. त्यानंतर बुधवारीं मित्र म्हणत, "कस्तुरी, तुझी आई भारी पराठे करते," तेव्हां ती मान खालीं घालून जेवी. आणि मुलांनीं घरोघरीं ऐसी स्तुति केली कीं प्रमिलाबाई जिन्यांत गांठून म्हणाल्या, "हेमांगी, सारणात काय घालतेस गं? अबोली माझ्या पराठ्याला नाक मुरडते आता." हेमांगीबाई म्हणाल्या, "काही नाही हो ताई, नेहमीचंच," आणि घाईनें वर गेल्या, आणि घरांत जाऊन किती वेळ चप्पल न काढतां उभ्या राहिल्या.

मार्गशीर्ष वद्य द्वितीयेस, मंगळवारीं, दुकानांत नित्याचा पुडा संपला होता. बाईंनीं दुसऱ्या कारखान्याचा उचलिला आणि वाचावयास लागल्या, इतक्यांत रुग्णालयांतून फोन आला कीं यंत्र बंद पडलें आहे. त्या फोनवर बोलत बोलत वाचीत राहिल्या, आणि गव्हाचें पीठ, बटाटा, मीठ, सूर्यफुलाचें तेल इतकें पाहिलें, आणि पुडा पिशवींत टाकिला. शेवटली ओळ दुकानदारानें डकविलेल्या किमतीच्या चिठ्ठीखालीं होती, ती त्यांस दिसली नाहीं.

दुसरे दिवशीं, तृतीयेस, मधली सुट्टी सरतां सरतां अबोली म्हणाली, "माझ्या जिभेला मुंग्या येतायत." मग ओठ सुजले, आणि अंगावर गांधी उठल्या, आणि आवाज बसला. बाबालाल फाटकाशींच होते. त्यांणीं मुलीस उचलून गाडींत घातलें, आणि वर्गशिक्षिका मागें बसल्या, आणि गाडी ऐसी हांकिली कीं चौकांत उभा शिपाई शिटी वाजवावयाचें विसरला. रुग्णालय जवळचें तें एकच, हेमांगीबाईंचें. तेथील डाक्टरीण बाईंनीं पाहतांक्षणीं मांडींत इंजेक्शन दिलें आणि प्राणवायूची नळी लाविली, आणि घटकाभरानें श्वास कांहींसा सुधारला. तोंवर प्रमिलाबाई पोस्टांतून धांवत आल्या. बोटांस शिक्क्याची शाई तैसीच होती.

डाक्टरीण बाईंनीं पुसिलें, "कशानं झालं ते कळायला हवं, म्हणजे पुन्हा कशाची भीती आहे ते ठरवता येईल. सकाळपासून काय दिलं? नवीन काही?" प्रमिलाबाईंचा चेहरा पांढरा जाला. म्हणाल्या, "खोकला होता म्हणून सकाळी औषध दिलं. नवी बाटली. मीच फोडली." डाक्टरीण बाई बोलिल्या, "आणि डबा?" तेव्हां प्रमिलाबाई बोलिल्या, "डब्याचं नाव काढू नका डॉक्टर. आज हेमांगीचा वार. आमच्या चार घरांत दाणा शिवत नाही, मी छातीवर हात ठेवून सांगते. औषधच असणार. माझ्याच हातानं दिलं हो मी." आणि कपाळास हात लावून खालीं बसल्या.

हेमांगीबाई वरच्या मजल्यावरून वार्ता ऐकून उतरल्या होत्या आणि पडद्याबाहेर उभ्या होत्या. हें सारें त्यांणीं ऐकिलें. न बोलत्या तर कोणासही कळतें ना. औषधाच्या बाटलीवर गोष्ट जाती, आणि तह राहता, आणि बुधवार राहता, आणि इभ्रत राहती. पडद्याचा कांठ त्यांच्या मुठींत होता. त्यांणीं तो सारिला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, औषध नाही. डबा घरचा नव्हता. पुड्यातले पराठे होते, नव्या कंपनीचे. पुडा माझ्या घरी कचऱ्यात आहे." आणि कुलपाची किल्ली बाबालाल यांच्या हातीं दिली. अर्ध्या घटकेंत पुडा आला. डाक्टरीण बाईंनीं नखानें चिठ्ठी खरवडून खालचें वाचिलें. ज्या यंत्रावर हे पराठे होतात त्याच यंत्रावर शेंगदाण्याचे पदार्थही होतात, ऐसें तेथें लिहिलें होतें.

प्रमिलाबाई ओरडल्या नाहींत. त्यांणीं पुसिलें, "किती बुधवार?" हेमांगीबाई म्हणाल्या, "गणपतीनंतरचे सगळे." "सगळे?" "सगळे, ताई." प्रमिलाबाईंनीं अबोलीचें पांघरूण नीट केलें. मग म्हणाल्या, "जा तू वर. तुझे पेशंट थांबलेत." यापेक्षां दोन थोबाडींत दिल्या असत्या तर बरें, ऐसें हेमांगीबाईंस वाटलें. त्या वर गेल्या, आणि राहिलेले चार रोगी पार पाडिले, आणि एकाचीही सुई चुकूं दिली नाहीं.

अबोली एक दिवस रुग्णालयांत राहून सुखरूप घरीं आली. परंतु तह मोडला. रजनीबाईंनीं आपली प्रत फाडिली आणि म्हणाल्या, "मी कूट सोडलं, आणि हिला एक शब्द सांगणं जड गेलं?" हेमांगीबाईंनीं पाळी बदलून मागितली, ती मिळाली नाहीं. त्या दारीं जाऊन दोन वेळां प्रमिलाबाईंची क्षमा मागावयास उभ्या राहिल्या, दार उघडलें नाहीं. शाळेंत अबोली पुन्हां दाराजवळच्या बाकावर गेली, आणि आतां हुकूम अधिक कडक कीं जेवणाचे वेळीं कोणीं जवळ फिरकूं नये. कस्तुरीनें वर्गशिक्षिकेस विनवणी केली, ती नामंजूर जाली. मग ती काय करी, तर मधली सुट्टी होतांच दाराबाहेर व्हरांड्यांत भुईवर बसे, डबा न उघडतां, हात मांडीवर ठेवून, आणि अबोलीशीं गोष्टी बोले. अबोलीचें जेवण पुरें जालें कीं मग पलीकडे जाऊन आपला पाव-जाम दोन मिनिटांत गिळी, आणि हात धुवून परत येई. ऐसे चार दिवस चालिलें. पांचवे दिवशीं बाबालाल यांणीं हें प्रमिलाबाईंस सांगितलें आणि म्हणाले, "मी कुणाची बाजू घेत नाही, ताई. बघितलं ते सांगितलं."

पौष लागण्यापूर्वीं मुख्याध्यापिकांनीं हेमांगीबाईंस दरबारीं बोलाविलें. प्रमिलाबाईंसही बोलाविलें, कारण त्यांची लेखी फिर्याद यावयाची होती. वैजयंतीबाई म्हणाल्या, "नियम तुम्हाला ठाऊक होता?" हेमांगीबाई म्हणाल्या, "होता. चूक माझी आहे. कस्तुरीला काही बोलू नका, तिनं फक्त मला विचारलं होतं." मुख्याध्यापिका प्रमिलाबाईंकडे वळून बोलिल्या, "तुमची तक्रार द्या, म्हणजे मी सगळ्या पालकांना पत्र काढते आणि नियम आणखी कडक करते." प्रमिलाबाईंनीं फिर्यादीचा कागद बाहेर काढिला नाहीं. त्या हेमांगीबाईंकडे पाहून म्हणाल्या, "पुडा आणलास त्याचा राग नाही मला. मी पाच वर्षं पुडेच वाचते आहे. मला सांगितलं असतंस तर मीही वाचला असता, दोघींपैकी एकीला तरी ती ओळ दिसली असती." मग मुख्याध्यापिकांस म्हणाल्या, "आणि मॅडम, तुम्ही पुडा बंद केलात, पण पुडे थांबले नाहीत. दोघींनी वाचायचा तो एकटीनं चोरून वाचायची वेळ आली. आणखी कडक कराल तर आणखी आयांना खोटं बोलायला लावाल." हेमांगीबाई पदर तोंडास लावून रडूं लागल्या. वैजयंतीबाईंनीं चष्मा काढून टेबलावर ठेविला, आणि लेखणी उचलून म्हणाल्या, "मग काय लिहू ते तुम्हीच सांगा." प्रमिलाबाई बोलिल्या, "लिहा, की जमेल तो डबा द्या. पुड्यातला असेल तर पुड्याचा कागद डब्यासोबत द्या. लाज वाटून घेऊ नका." आणि जुनें फर्मान रद्द होऊन हें नवें लागूं जालें.

बाहेर येतां हेमांगीबाईंनीं पाय धरावयास वांकावें तों प्रमिलाबाईंनीं हात धरिला आणि म्हणाल्या, "माफ केलं असं समजू नकोस. ते व्हायचं तेव्हा होईल. पण अबोलीला मी त्या बाकावर आणखी एक दिवस बसवणार नाही. मंगळवारी संध्याकाळी पुडा घेऊन ये." रजनीबाईंनीं दोन दिवस मौन धरिलें, मग तहनामा नव्यानें टंकून आणिला, आणि त्यांत एक कलम अधिक घातलें कीं, ज्यास झेपणार नाहीं त्यानें आदले दिवशीं सांगावें, आणि ऐकणारानें कारण पुसूं नये. तो पाहून वर्गशिक्षिकेनें अबोलीचा बाक पुन्हां सोडिला.

पौष मासीं पहिले मंगळवारीं हेमांगीबाई पुडा घेऊन खालच्या मजल्यावर गेल्या. प्रमिलाबाईंनीं तो दिव्याखालीं धरून पुढून वाचिला, मागून वाचिला, आणि मग परत देऊन म्हणाल्या, "आता तू वाच. मोठ्यानं." हेमांगीबाई जिन्याच्या वळणावर उभ्या राहून वाचूं लागल्या, गव्हाचं पीठ, उकडलेला बटाटा, मीठ, ओवा, आणि कारखान्याचा पत्ता आणि तारीखसुद्धां वाचली, आणि प्रमिलाबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. "चालेल," त्या म्हणाल्या.

बुधवारीं मधल्या सुट्टीचे वेळीं हेमांगीबाई यंत्रापाशीं उभ्या होत्या आणि त्यांस घाम फुटला होता. खाटेवरचे म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बाई, सुई मला टोचलीये, कळ तुम्हाला येतीये." इतक्यांत बाबालाल यांचा फोन आला. "ताई, चौघं एका बाकावर जेवली. मी खिडकीतून बघितलं, अर्धा तास थांबून बघितलं. सगळं ठीक." बाईंनीं कपाळाचा घाम पुसला. मग बाबालाल म्हणाले, "फक्त अबोलीची एक तक्रार आहे. म्हणते, पराठ्यात मीठ कमी होतं."

तात्पर्य, तह मोडला होता तो जडला, फर्मान चुकलें होतें तें दुरुस्त जालें, आणि प्रमिलाबाईंचें मन पुरें वळावयास होळी उजाडली, तीही गोष्ट खरी. बुधवारीं अद्याप पुड्यांतलेच पराठे असतात, आणि कडा दाबून वेड्यावांकड्या करण्याचें कारण राहिलें नाहीं. मुलें जेवतात, हें मुख्य. मिठाची तक्रार चालू आहे. इति वर्तमान.